समुद्रावरचा पांढरा पक्षी

प्रिय सिग्रुन,

उद्या ट्रोम्सोला तुझा सत्कार, आणि मी अजून अंधारखोलीतच. संग्रहालयातल्या तुरिलचे सकाळपासून तीन फोन आले. "हेडवीगबाई, समुद्राच्या फोटोची प्रत भिंतीएवढी हवी, आणि पक्षी कसा झक्क दिसला पाहिजे हं! तो बघूनच तर मी कॅमेरा हातात धरला."

पक्षी नाहीये गं. कधीच नव्हता.

निगेटिव्हवर धूळ राहिली की फोटोत पांढरा ठिपका उमटतो. तो बारीक कुंचल्याने काळा करणं हे माझं काम. हा फोटो छापला त्या दिवशी आपलं कडाक्याचं भांडण झालं होतं. रागाच्या भरात मी एक ठिपका तसाच सोडला. नेमक्या त्याच प्रतीला बक्षीस मिळालं, पुस्तकांतही तीच छापली गेली. मग तू भाषणांत सांगू लागलीस, "त्या पक्ष्यासाठी मी तीन तास कुडकुडत उभी होते." उभी तर तू होतीसच, म्हणून तुला खोटं पाडायला माझी जीभ रेटली नाही.

आज त्या निगेटिव्हवरून नवी प्रत काढून बघते तर नुसता काळा समुद्र. चाळीस वर्षं तुझ्या फोटोंवरची धूळ झाडली मी. आज पहिल्यांदाच चिमट्याने एक कण उचलून मुद्दाम निगेटिव्हवर ठेवला.

पक्षी आलाय, पण जरा डावीकडे सरकलाय. आणि तुझी नजर घारीची. टाळ्या वाजत असताना तू आधी त्याच्याकडे बघशील, मग माझ्याकडे.

हे पत्र काही मी टाकणार नाही. तरी विनवते, उद्या एवढं एकदा चष्मा घरी विसरून ये.

तुझीच,
हेडवीग