फळ्यावरचा ब्रेक

४ जुलै
घरात ड्रायव्हिंगचा मास्तर आणि बायको बसच्या रांगेत — दिव्याखाली अंधार! सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, हिला वरचेवर जावं लागतं. लायसन्स आहे, सवय नाही; म्हणून आजपासून क्लासच्या नव्या गाडीवर हिची शिकवणी. बजावलं, "मी पास केल्याशिवाय एकटीने जायचं नाही." मोठा आलो परीक्षक.

७ जुलै
रस्ता ओला. कुत्रं आडवं आलं, हिने करकचून ब्रेक दाबला. पेडल खरखरत थरथरलं. मी ओरडलो, "पाय काढ! सोड-दाब, सोड-दाब!" हिने काढला. कुत्रं पळालं, आम्ही कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंच्या कुंपणात. ब्रेकच खराब आहे, असं चारचौघांत ठणकावून सांगितलं. नाचता येईना, अंगण वाकडं.

८ जुलै
गॅरेजमध्ये दाखवली. ब्रेक ठणठणीत. घरी आल्यावर ही म्हणाली, "अहो, तुम्हीच फळ्यावर शिकवता ना? एबीएस असलं की सोड-दाब गाडीच करते, चाकं जाम होत नाहीत. पेडल थरथरलं तरी दाबून धरायचं." स्वयंपाकघरातून ऐकून सगळं पाठ! मी म्हटलं, फळा वेगळा, रस्ता वेगळा.

९ जुलै
पहाटे एकटाच मैदानावर. पेडल थरथरलं की पाय आपोआप वर! परत परत तेच. जन्म गेला जुन्या गाडीवर, तिला कुठलं एबीएस? जित्याची खोड. हिला सांगितलं, "तुझी अजून तयारी नाही." कोणाची नाही, ते मला ठाऊक.

१२ जुलै
उतारावर सायकलवाला अचानक आडवा. हिने ब्रेक दाबला. माझ्या तोंडून निघालंच — "पाय काढ!"

हिने काढला नाही. दाबून धरला, स्टिअरिंग वळवलं, गाडी त्याच्या बाजूने जाऊन थांबली. तो शिव्या देत निघून गेला. शिव्या इतक्या गोड कधी लागल्या नव्हत्या. ही म्हणाली, "उद्या आईकडे जाते. एकटी." लग्नानंतर पहिल्यांदाच हिने माझं ऐकलं नाही, म्हणून तो माणूस घरी पोचला.

१३ जुलै
ती पोचली. मी सकाळपासून जुन्या शिकाऊंना फोन करतोय. "नवी गाडी घेतलीस? मग फळ्यावर सांगितलं ते खरं. गाडीत ओरडलो ते विसर." सगळे हसतात. एकजण फोन उचलत नाहीये. सारखा लावतोय.