गोदाबाईची चिंच

बंगळूर, ८ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि माझं ओरडणं अख्खं ऑफिस ऐकतं, म्हणून पत्र. आईला पुन्हा चक्कर आली हे मला शेजारच्या चैतालीकडून कळलं. तुम्ही कशाला कळवाल! दुपारी तिला वरच्या मजल्यावर ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलंय ना?

मी रोज नकाशावर तापमानाचा थर लावून बघते. वाघोली नुसती लालभडक. पण उपग्रहाच्या चित्रात आपल्या सोसायटीमागे चांगला मोठा हिरवा पट्टा दिसतोय, वर ‘उद्यान’ अशी खूणही आहे. दुपारी आईला रिक्षाने तिथे नेऊन बसवा. एवढं तरी ऐकाच.

ती. आईस नमस्कार. माझ्यावर रागावला असलात तरी लोभ कमी करू नका.

आपली,
भाग्यश्री


वाघोली, १६ एप्रिल

चि. भाग्यश्रीस,
अ. आ.

तुझ्या उद्यानात जाऊन आलो. अगं बाई, तो हिरवा पट्टा म्हणजे चालू इमारतींना गुंडाळलेली हिरवी जाळी आहे! उद्यान आहे, पण बिल्डरच्या पाटीवर. झाडं, कारंजं, बाकावर हसणारं म्हातारं जोडपं. त्या पाटीखाली आम्ही दोघं, उन्हात. रिक्षावाला केव्हाच निघून गेला होता. दुसरी मिळेपर्यंत तुझी आई विटांच्या थप्पीवर बसली आणि तिथेच कलंडली.

घाबरू नकोस. तिथल्या रखवालदाराची बायको, बायडाबाई, धावत आली. तिने आईला मागच्या चिंचेखाली निजवलं, डोक्यावर ओला पंचा ठेवला. दवाखान्यात सलाईन लावून संध्याकाळी घरी आणली. आता बरी आहे.

पुण्याची हवा गार म्हणून अकोला सोडलं आणि नोकरीभर ते सगळ्यांना ऐकवत फिरलो. आता भोगतोय. थकलो गं मी. तिचा श्वास मला ऐकू येत नाही, म्हणून तिच्या पाठीवर हात ठेवून झोपतो.

तुझ्यावर राग नाही. लोभ आहे तसाच आहे.

तुझा,
बाबा


बंगळूर, २१ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ऑफिसच्या जिन्यात वाचलं आणि तिथेच बसले. आईला तिथे मी पाठवलं, मीच. ती खूण काढून टाका असं नकाशावाल्यांना कळवलंय.

वारज्याला टेकडीच्या बाजूला रंग जरा फिका दिसतो. तिकडे भाड्याने घर बघू का? पण आता माझा माझ्यावरच भरवसा नाही. सारखा नकाशा उघडते, लाल दिसला की घास उतरत नाही.

जूनमध्ये रजा मिळेल, तेव्हा येते. तोवर तिला सांभाळा, आणि मलाही समजून घ्या.

आपली,
भाग्यश्री


वाघोली, २८ एप्रिल

चि. भाग्यश्रीस,
अ. आ.

हे पत्र मीच लिहितेय, तुझे बाबा फार रंगवून लिहितात. वारजं नको. पुन्हा सामान बांधायचा दम आता माझ्यात नाही.

मी रोज दुपारी बायडाबाईच्या चिंचेखाली जाऊन बसते. नुसतं बसून काय करणार म्हणून ती मला लसूण सोलायला देते. धूळ येते, मशिनांचा खडखडाट असतो, पण अंगाची लाही होत नाही. बाबांना खडखडाटाचं काय! ते खुर्चीत खुशाल घोरतात.

काल त्यांनी चष्मा लावून, चैतालीचं डोकं खाऊन, नकाशावर तिथे खूण केली. ‘गोदाबाईची चिंच’ असं माझंच नाव दिलंय. हसू आलं मला. उघडून बघ. रंग लालच असेल, पण त्याखाली आई सावलीत बसलीय एवढं ध्यानात ठेव आणि जेवत जा.

तुझं रजेचं मात्र मला पटलं नाही. जूनमध्ये आभाळ येतं, मग मला कुणाचीच गरज नसते. मला तू आत्ता हवी आहेस, बाळा. ऊन आहे तोवर ये.

लोभ आहेच, पण तो पत्रावर भागत नाही.

तुझी,
आई