देवदाराचा भुसा

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमच्यावरचा माझा संशय काही गेलेला नाही. तुम्हीच शिकवलं होतं की यकृत कुणावर विश्वास ठेवत नाही. औषध असो की विष, बाहेरून आलेल्याला सायटोक्रोम पी-४५० नावाची एन्झाइम्स धरतात आणि बाहेर काढायच्या तयारीला लागतात. "एक नाही वं, बहुत मोठं खानदान आहे ते," तुम्ही म्हणायचात. याच खानदानातली काही मंडळी दुसऱ्या पेशींत बसून शरीराला लागणारे हार्मोन घडवतात, हे मात्र तुम्ही घाईघाईत उरकायचात. तुमचा जीव पहारेकऱ्यांवरच.

सत्तरच्या दशकातला नागपूरचा उन्हाळा. कॉलेजच्या प्राणिगृहात मी उंदरांना गुंगीचं इंजेक्शन देते आहे आणि ते किती वेळ झोपतात ते बघते आहे. एन्झाइम जितकं चपळ, तितका उंदीर लवकर जागा. एकाएकी सगळेच अर्ध्या झोपेतून उठायला लागले. तुम्ही चारचौघांत मला विचारलंत, "तू औषध कमी भरून राहिली. उरलेलं कोणाले देऊन राहिली?" घरी आईला सांगायचीही चोरी झाली. मग कपाटाला कुलूप लागलं आणि इंजेक्शन तुम्ही स्वतः भरलंत. मी समोरच उभी होते. उंदीर तरीही लवकर उठले. तुम्ही घड्याळ पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "आज गरमी जास्त आहे." बस्स, एवढंच. तोवर विभागभर बोभाटा झाला होता. मी मुकाट दुसऱ्या सरांकडे काम करायला गेले. पोरीचा दोष नव्हता, असं तुम्ही एकदाही कुणाला सांगितलं नाहीत.

दोष भुशाचा होता, सर. पिंजऱ्यांत आपण नेहमी सागाचा भुसा घालायचो. त्या महिन्यात शिपाई लकडगंजच्या आरा मशीनवरून देवदाराचा घेऊन आला. "वास मस्त येते मॅडम, पिंजऱ्याची घाण दबून जाते," म्हणाला, आणि आपण दोघंही खूश झालो. त्या सुवासिक लाकडातल्या तेलानंच उंदरांच्या यकृतात ही एन्झाइम्स वाढली आणि गुंगीच्या औषधाचा लवकर फडशा पडायला लागला. हे मी पुढे कधीतरी वाचलं, मग सागाचा भुसा घालून स्वतः करून पाहिलं. उंदरांनी पुरती झोप काढली. हे सांगायला यावं, तर तुम्ही गेलेले. राग येतो सर, अजून फार राग येतो. भुशाचं तुम्हाला कळलं नसेल, मान्य. पण मी चोर नाही, हे तर त्या दुपारीच कळलं होतं ना?

हे पत्र धाडायचं तरी कुठे? लिहून ठेवते, झालं. आणि एक सांगते, आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता मीच शिकवते, मला विचारणारं वर कुणी उरलेलं नाही. तरी इंजेक्शन भरायची वेळ आली की मी अजून कुणाला तरी दिसेन अशाच जागी उभी राहते.