हीरोला सगळ्यात शेवटी कळतं

प्रिय अनिबाल,

रविवारी मी निघाले तेव्हा तू फाटकातून ओरडलास, "नेलिदा, शेवट लिहूनच ये, नाहीतर येऊ नकोस!" आपल्या सिनेमाचा शेवट काही सुचला नाही बाबा. कालपासून कागद पुढ्यात घेऊन बसले आहे आणि दुसरंच लिहिते आहे.

आठवतं का रे, कोपऱ्यावरच्या कॅफेत बसून आपण किती माणसं मारली? बुएनोस आयरेसमधला एकही जिना आपण सोडला नाही. ऐन वेळी फोन बंद पडायचा, गाडी सुरू व्हायची नाही, आणि संशय हमखास भलत्यावरच. सगळं थिएटर ओरडून सांगत असताना बाई तळघरात एकटीच उतरायची. मी म्हणायचे, इतकी बावळट बाई असते का कुठे? तू म्हणायचास, तळघरात उतरली नाही तर आपण जेवायचं काय! पण एका गोष्टीत तू कधी ऐकलं नाहीस. एका दिग्दर्शकाला बॉम्ब शेवटपर्यंत हीरोपासून लपवायचा होता, तेव्हा तू टेबलावर अशी मूठ आपटलीस की कप उडाले. "प्रेक्षकाला आधी कळू दे, शेजारणीलाही कळू दे. पण हीरोला वेळेत कळलंच पाहिजे. धावायची संधीच दिली नाही तर तो थरारपट कसला, नुसता खून झाला!"

त्याच टेबलावर आणखी एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती. कॅमेरावाल्याला, कपडेवालीला, कॉफी आणून देणाऱ्या म्हाताऱ्यालाही. तो तर माझ्याकडे बघून मान हलवायचा. कळलं नाही ते फक्त तुला. मी वाट बघत राहिले, योग्य प्रसंग येईल म्हणून. आणि तू एक दिवस हसत हसत येऊन तुझं लग्न ठरल्याचं सांगितलंस. मी तुला मिठी मारली, केकसुद्धा मीच आणला. तुझी बायको फार चांगली होती, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या दिवसाची हळहळ अजून जात नाही, अनिबाल. निदान तुला माहीत असायला हवं होतं.

आता रविवारचं. अंगणात मांस भाजत होतं, तू पुढच्या सिनेमाच्या गप्पा मारत होतास. म्हणालास, हा अल्सर एकदा बरा होऊ दे, उन्हाळ्यात रोसारिओला जाऊन इस्माएलला भेटतो, सख्ख्या भावाशी किती दिवस अबोला धरायचा. सगळे जरा जास्तच जोरात हसले. आणि तुझी लेक ग्रिसेल्दा, जी मिठाची बाटली तुझ्या हातातून हिसकावून घ्यायची, तिने ती स्वतःहून तुझ्यापुढे सरकवली. वाईनही ओतली. पटकथेत असा धागा कुणी सोडला असता तर तू पहिल्या वाचनातच पकडला असतास, वेड्या!

नंतर स्वयंपाकघरात ती माझ्या गळ्यात पडून रडली आणि तिने मला शपथ घातली. ती शपथ मी मोडते आहे. तो अल्सर नाही, अनिबाल. कर्करोग आहे, आणि पसरला आहे. उन्हाळा दिसेल असं डॉक्टर खात्रीने सांगत नाहीत. पोरीवर चिडू नकोस, आपल्याकडे घराघरांत हेच करतात. तुझ्या आईच्या वेळी तूही केलंस, आणि नंतर कितीदा मला म्हणालास, तिला निरोप तरी घेऊ द्यायला हवा होता. म्हणून लिहिते आहे. तोंडाने सांगायला आले असते तर तुझा चेहरा बघून पुन्हा केकच आणला असता. रोसारिओला उन्हाळ्यात नको, या शनिवारी जाऊ. सकाळच्या गाडीची दोन तिकिटं काढून ठेवते. इस्माएल दार उघडेल की नाही ते मला माहीत नाही, ते तुम्ही दोघं भाऊ बघा. मी बाहेर बाकावर बसून राहीन, कितीही वेळ लागला तरी.

कायम तुझीच,
नेलिदा