आजोबा, चिडा ना!

मंगळवार, दुपार

चि. चिऊस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन पडलं होतं आणि उत्तर आत्ता लिहितोय. तेव्हा आधी पोटभर रागावून घे, मग पुढे वाच. रोज बसत होतो गं लिहायला. पण चष्मा सापडायचा नाही, चष्मा सापडला की पेन सापडायचं नाही आणि दोन्ही हाताशी आली की काय लिहावं ते सुचायचं नाही.

तुझा गुडघा कसा आहे? मेहुण्यांना म्हणावं, जिन्याला धरायला दांडी बसवून घ्या. मी मागच्या पत्रातही लिहिलं होतं. बसवली असेल तर हलवून बघ, हे सुतार खिळे अर्धेच ठोकतात. मी इथे बसून तुझ्या जिन्याची काळजी करत असतो.

आम्ही सगळे बरे. चिरंजीवांचं काम घरूनच चालतं, म्हणजे ते दिवसभर आतल्या खोलीत कानाला डबे लावून बसतात. सूनबाई ऑफिसला जाते. तू म्हणशील, दादा, पत्र कसलं लिहितोस, फोन कर. फोन करता येत नाही, चिऊ. या घरात फोनवर बोललेलं आधी गावभर ऐकू जातं, मग पलीकडच्या माणसाला.

तुला ठाऊक नसेल, पण तुझा दादा प्रसिद्ध झालाय. मलाही ठाऊक नव्हतं. सलूनमध्ये दाढीला बसलो होतो, अर्ध्या गालाला साबण. शेजारच्या खुर्चीतला गडी एकदम ओरडला, "अहो, हे तर ते चिडके आजोबा!" मला वाटलं, दुसऱ्या कुणाला म्हणतोय. तर सलूनवाल्याने हसत हसत त्याचा मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. बघतो तर मी! बनियनवर, पलंगाखाली डोकं घालून चष्मा शोधतोय आणि ओरडतोय, "घरात चोर पाळलेत का रे?" आणि त्याच्या आधी आमचे चिरंजीव, चाळिशी उलटलेला बाप्या, तोच चष्मा उचलून खिशात टाकतात आणि डोळा मारतात. असे एक नाही, ढिगाने व्हिडिओ. साखरेच्या डब्यात मीठ. चपला माळ्यावर. घड्याळ पुढे केलेलं आणि मी फिरायला जायच्या कपड्यांत भर दुपारी दारात उभा.

खरं सांगू? मला राग यायला हवा होता. मला आनंद झाला. कारण इतके दिवस मी मनातल्या मनात झुरत होतो की वस्तू हरवतात, वेळ कळत नाही, म्हणजे आपलंही अण्णांसारखं होणार. तुला आठवतं ना, शेवटी शेवटी अण्णा स्वतःच्या बायकोलाच, आपल्या आईलाच "तुम्ही कुणाकडे आलात?" म्हणून विचारायचे. मी रात्रंदिवस तेच धरून बसलो होतो. आणि इथे कळलं, माझं डोकं शाबूत आहे, फक्त मुलगा वाया गेलाय! मी हसायला लागलो. सलूनवाला बिचारा हिरमुसला. मी चिडेन म्हणून त्याने मोबाइल सुरूच ठेवला होता.

घरी येऊन मात्र दोघांना समोर बसवलं.

"मला विचारलंत का?"

"बाबा, विचारलं असतं तर तुम्ही चिडला असतात का? मग मजा काय राहिली?"

सूनबाई म्हणाली, "कुणीही वाईट बोलत नाही हो, बाबा. एका बाईंनी लिहिलंय, आमचे सासरे अगदी असेच होते, डोळ्यांत पाणी आलं."

म्हटलं, "त्यांचाही चष्मा त्यांच्या मुलाच्या खिशात होता का, ते विचार त्यांना."

दोघं एवढी हसली की मला वाटलं, पटलं यांना. "आता नाही काढणार खोड्या, शपथ," असं म्हणाली. ती शपथसुद्धा त्यांनी चित्रित केली होती. सगळ्यांत जास्त लोकांनी तीच पाहिली म्हणे.

बाहेर तर याहून वाईट. भाजीवाला मुद्दाम नासका टोमॅटो तागडीत टाकतो आणि म्हणतो, "आजोबा, चिडा ना जरा, मेव्हण्याला पाठवायचंय." बँकेत एकजण रांग मोडून पुढे घुसला. मी म्हटलं, "अहो, मागे या, आम्ही काय इथे हवा खायला उभे आहोत?" तर साऱ्या रांगेने मोबाइल काढले. त्या इसमाने माझ्या गळ्यात हात टाकून फोटो घेतला आणि माझ्याच पुढे जाऊन स्वतःचं काम उरकलं. परवा कोपऱ्यावर एक बाई स्कूटरवरून पडली. पाय गाडीखाली. भोवती माणसं, हातात मोबाइल. मी ओरडलो, "अरे मेल्यांनो, हात द्या तिला!" तर सगळ्यांनी तिच्यावरचे मोबाइल माझ्याकडे वळवले. हात कुणी दिला नाही. शेवटी मीच गाडी रेटली आणि ती बाई स्वतःच पाय ओढत बाहेर आली. उठता उठता ती काय म्हणाली असेल? "तुम्ही ते आजोबा ना?"

पूर्वी माझ्या रागाला कुणी भ्यायचं नाही, पण निदान माणसं गप्प तरी बसायची. आता टाळ्या वाजवतात. मी आग लागली म्हणून ओरडलो तरी म्हणतील, पुन्हा एकदा, जरा मोठ्याने.

बाकी इकडे विशेष नाही. हवा बरी आहे. मी चहा सोडला. पित्त होतं.

पित्त वगैरे काही नाही, चिऊ. लिहायचं नव्हतं, पण आता हात इथपर्यंत आलाय तर लिहितो.

मागच्या आठवड्यात सूनबाई ऑफिसातून आली तर घरभर गॅसचा वास. शेगडीवर चहाचं पातेलं, बटण पूर्ण उघडं, खाली जाळ नाही. मी खुर्चीत डुलकी घेत होतो, चिरंजीव आत कानाला डबे लावून. तिने खिडक्या उघडल्या, बटण बंद केलं आणि नवऱ्यावर कडाडली, "हे अति झालं हं! गॅसशी कसली खोडी?"

तो म्हणाला, "मी? मला वाटलं तू!"

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. पातेल्यात माझी चहा पावडर होती, ती कडक, जी घरात दुसरं कुणी पीत नाही. पातेलं मीच ठेवलं होतं. आणि मी काय केलं सांगू? हसलो. म्हटलं, "कशी जिरवली! रोज तुम्हीच का खोड्या काढायच्या?"

पोराने मला मिठी मारली गं. "बाबा, तुम्ही आमचे बाप निघालात!" व्हिडिओसाठी तो सगळा प्रसंग पुन्हा करायला लावला. मी केला.

मला चहा ठेवल्याचं आठवत नाही. अजिबात नाही. स्वयंपाकघरात गेल्याचंही नाही. कारखान्यात बॉयलर सांभाळण्यात माझा जन्म गेला. झोपेतसुद्धा हात व्हॉल्व्ह चाचपायचा म्हणून तुझी वहिनी हसायची. आणि घरातल्या एवढ्याशा बटणाने मला फसवलं.

दोन दिवस धीर गोळा केला आणि जेवताना खरं सांगून टाकलं. "ती खोडी नव्हती. मला आठवत नाही. मला भीती वाटते, मला डॉक्टरकडे न्या." चिरंजीवांचा घास हातात राहिला. मला वाटलं, लागलं मनाला. तर तो इकडेतिकडे बघायला लागला, पाण्याच्या तांब्यामागे, फळीवर. "कुठे लपवलाय मोबाइल, बाबा? काय बेमालूम रडलात!" सूनबाईने माझ्याकडे निरखून पाहिलं. मग तीही हसली.

आता मी शपथेवर सांगतो तरी त्यांना नाटक वाटतं. ते शपथेवर सांगतात की चष्मा आता ते लपवत नाहीत, ते मला नाटक वाटतं. चष्मा अजून हरवतोच आहे. तो कोण हरवतं, ते मी कुणाला विचारू?

म्हणून तुला विचारतो. गेल्या खेपेला तू इथे राहून गेलीस. जाताना दारात थांबलीस, माझा हात धरलास, काहीतरी बोलणार होतीस आणि मग "जपून राहा, दादा" एवढंच म्हणालीस. तुझ्या मनात दुसरंच काही होतं. तू काय पाहिलं होतंस? मी तुला तेच तेच विचारत होतो का? एकच गोष्ट दोनदा सांगितली का? माझ्याकडे बघून ज्याला हसू येत नाही, असं आता एक तूच माणूस उरलीस. तेव्हा मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. जे दिसलं ते लिही. आणि गुडघा चालू देत असेल तर ये, मला डॉक्टरकडे घेऊन जा. मी एकटा गेलो तर तिथला कंपाउंडरही फोटो मागेल.

लवकर कळव, चिऊ. वाचलेलं माझ्या लक्षात राहतंय, तोवर कळव.

तुझा,
दादा