मिठागराची वाटणी, कडू मिठाच्या खुलाशासह

मी, खाली सही करणारा, लोकांत 'खारेशेठ' म्हणून ओळखला जाणारा, वय एकोणऐंशी, धंदा मिठाचा, लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे आणि मला कोणी पाजलेले किंवा धमकावलेले नाही. गुडघे गेले आहेत. कान पोरवयातलेच आहेत. घरच्यांनी हे वेळीच लक्षात घेतले असते तर पुढची कलमे आटोपशीर झाली असती.

कलम १. माझी सर्व मिळकत स्वकष्टाची आहे. माझ्या लहानपणी मिठावर कर होता. समुद्र दारात आणि मीठ सरकारचे. आई मिठाचा खडा फडक्यात बांधून कालवणात दोनदा फिरवायची आणि परत खुंटीला टांगायची. बांधावर आपोआप धरलेले मीठ तिने खरवडले, तर कराच्या नाक्यावरच्या पोरसवदा शिपायाने मडके लाथेने उलटवून त्यात राख कालवली. तो शिपाई पुढे माझा मेहुणा झाला. त्याची बहीण माणूस म्हणून चांगली होती, म्हणून निभावले. कर उठला, त्याची नोकरी गेली आणि "दाजी, आपलं काहीतरी बघा" म्हणत तो माझ्याकडे आला, तो अजून जेवायलाच आहे. नाक्याचा जुना तराजू मी लिलावात घेतला होता. ज्यावर त्याने लोकांना नागवले तो तराजू मी त्यास देत आहे. समोर ठेवून रोज बघावा. दुसरे काही मागू नये.

कलम २. राहते घर. जखमेवर मीठ चोळणे हा लोकांचा वाक्प्रचार आहे. पोती वाहून खांदे सोललेले असताना माझा तो रोजगार होता. पुढे पाकिटातले बारीक मीठ आले आणि किराणावाले माझ्या खड्या मिठाला ओळखेनासे झाले. मी कातडी कमावणारे, बर्फवाले आणि मासे खारवणाऱ्या बायका यांना धरून राहिलो. त्यांच्या जिवावर हे घर उभे आहे. ते मुलास देतो, कारण सूनबाई सरळ आहे आणि नवऱ्यापायी तिने उघड्यावर यावे असे मला वाटत नाही.

कलम ३. मिठागर. वाफ्यात मीठ धरले की वर उरलेले कडू पाणी वेळेत सोडावे लागते. हाव धरून तेही आटू दिले तर वजन वाढते, पण मीठ कडू होते आणि ओल धरते. चांगले मीठ ओतताना खळखळते, हे थपकन पडते. काही वर्षांमागे आमचा अख्खा हंगाम असा थपकन पडला. बायकांनी नासलेले मासे आणून कचेरीच्या पायरीवर ओतले. हे पाणी सोडायला बांधातली फळी काढायचे काम माझ्या थोरल्या मुलीकडे, अक्काकडे होते. मुलगा सर्वांसमोर म्हणाला, "अक्का विसरली." अक्का म्हणाली, "मी फळी काढली होती. कोणीतरी परत बसवली." कोणी मानले नाही. तेव्हापासून मजूर तिला फळीला हात लावू देत नाहीत. "तुम्ही सावलीत बसा, अक्का," म्हणतात.

गेल्या महिन्यात दुपारी मी आरामखुर्चीत डोळे मिटून पडलो होतो. पलीकडच्या खोलीत मेहुणा मुलास म्हणाला, "फळी तू बसवलीस हे म्हातारा जाईपर्यंत तोंडातून काढू नकोस." मुलगा म्हणाला, "चार पोती जास्त निघतील म्हणून बसवली, मामा. कडू होईल हे मला काय ठाऊक? आता आगर विकलं की कोण विचारतंय." मिठागरात वाढलेला मुलगा हे बोलतो.

सबब मिठागर, गोदाम व होडी अक्काच्या मालकीची होतील. हे कलम मुलाने बांधावर, मजूर आणि मासेवाल्या बायका जमवून, स्वतः मोठ्याने वाचावे. तोवर त्यास घराचा ताबा मिळू नये.

नंतर कोणी कानावर हात ठेवू नयेत म्हणून मसुदा मुलास दाखवला. तो भांडला नाही. म्हणाला, "आबा, आगर तिला द्या. घरही द्या. फक्त ते फळीचं तेवढं गाळा. मजुरांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला." मी अक्काला बोलावून विचारले. ती म्हणाली, "घर त्याचं त्याला राहू दे. फळीचं गाळायचं नाही."

म्हणून गाळलेले नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोघांसमक्ष सही केली.

स्थळ: मिठागराची कचेरी
दिनांक: हंगाम संपण्याआधीचा सोमवार
सही: खारेशेठ

साक्षीदार:
१. दातांचे डॉक्टर
२. मिठागराचा मुकादम

ता.क. ही ओळ साक्षीनंतरची, कायद्यात धरू नये. मुकादमाने तिसरे कलम दोनदा वाचून मग सही केली. आत्ता खिडकीखालून त्याचा आवाज आला, "ओहोटी लागली, अक्का. फळी काढायला चला."