धरून ठेवलेली गाडी

फ्रान्स,
१० मार्च २०२४

ती. तात्यांना,
सुदर्शनचा शि. सा. न. वि. वि.

मी इथं सुखरूप पोचलो. आल्यापासून रोज फोन करतो आहे, तुम्ही उचलत नाही. मंजूताई म्हणते, तात्यांना ऐकू येत नाही. पण व्हिडिओवर ओठ बघून तुम्हांला सगळं कळतं हे मला ठाऊक आहे, तेव्हा ते कारण मी धरत नाही. म्हणून पत्र लिहितो. आलेला कागद वाचल्याशिवाय बाजूला ठेवायची तुम्हांला सवय नाही, एवढ्या भरवशावर.

आईचं दिवसकार्य होईपर्यंत मी घरात होतो आणि तुम्ही माझ्याशी एकच वाक्य बोललात. तिनं लई वाट बघितली, एवढंच. मी का पोचू शकलो नाही ते सांगायला लागलो आणि पुढची गाडी सुटली एवढं म्हणालो, तर तुम्ही उठून बाहेर गेलात. ते अर्धं राहिलेलं आज पुरं करतो.

आमचं गाव फ्रान्सचं शेवटचं. डोंगरातला बोगदा ओलांडला की स्पेन. फ्रान्सच्या रुळांपेक्षा स्पेनचे जुने रूळ वीतभर रुंद. म्हणून तर माझं पोट भरतं. मालडबे इथं येतात, आम्ही ते जॅकवर उचलतो, खालची चाकं ओढून काढतो आणि पलीकडच्या मापाची घालतो. माल जागचा हलत नाही. माणसांचं मात्र तसं नाही, त्यांना उतरून दुसऱ्या गाडीत बसावं लागतं. बोगद्यात दोन रूळ आहेत, एक त्यांच्या मापाचा आणि एक यांच्या. फ्रान्सची गाडी प्रवाशांना पलीकडच्या स्टेशनात सोडून परत येते, स्पेनची गाडी तिकडच्यांना अलीकडं सोडून परत जाते. नव्या वेगवान मार्गावरच्या गाड्या थेट जातात, पण त्या आमच्या गावावरून जात नाहीत.

त्या दिवशी मंजूताईचा फोन आला तसा मी निघालो. विमान बार्सिलोनाहून होतं. बोगदा ओलांडून पलीकडं उतरलो, पण पुढची गाडी सुटली. ती त्या दिवसाची शेवटची. वादळी वाऱ्यानं घाटातला रस्ता बंद, टॅक्सी कुठून मिळणार? ती गाडी मिळाली असती तर आई गेली त्याच्या आदल्या संध्याकाळीच मी तिच्याजवळ असतो. हे मला कळतं, तात्या. रोज कळतं.

तुम्ही रागवा, पण बोला. जेवण वेळेवर घ्या. शेजारच्या गयासचाचांना आदाब सांगा. दोन ओळी आल्या तरी मला पुष्कळ आहेत.

तुमचा,
सुदर्शन


पदमपुरा, छत्रपती संभाजीनगर
४ एप्रिल २०२४

चि. सुदर्शन यास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. वाचलं. माझी प्रकृती बरी आहे. जेवणाला सकाळी बाई येते, संध्याकाळी गयासभाईच्या घरून निलोफर डबा आणून देते. रोजे चालू आहेत तरी त्यांनी डबा चुकवलेला नाही.

बोगद्यात दोन मापांचे रूळ शेजारीशेजारी आहेत हे तू पूर्वी कधी लिहिलं नव्हतंस. दोन्हीकडची वीज एकच आहे की वेगळी, आणि वेगळी असेल तर इंजिन पलीकडच्या तारेखाली कसं जातं, ते सवडीनं लिही. घाई नाही.

आता दुसरं. मी मनमाडला मीटरगेजच्या फलाटावर स्टेशन मास्तर होतो तेव्हा तू शाळेत जात होतास, म्हणजे तुला आठवत असणार. मुंबईकडून ब्रॉडगेजची मेल यायची. त्यातले आपल्याकडचे लोक पूल ओलांडून मीटरगेजच्या गाडीत बसायचे. बाळंतिणी, म्हातारी माणसं, डोक्यावर ट्रंका, काखेत पोरं. मेलला उशीर झाला तर मी आमच्या गाडीला निघायचा सिग्नल पाडत नव्हतो. कंट्रोलवाले फोनवर वाट्टेल ते बोलायचे. मी ऐकून घ्यायचो आणि शेवटचा माणूस चढेपर्यंत गाडी धरून ठेवायचो. यात मी काही मोठं केलं असं नाही. त्या फलाटावर बसणाऱ्याचं कामच ते.

जिथं रुळांचं माप बदलतं आणि सगळ्यांना उतरून पुढच्याच गाडीत बसायचं आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, तिथं समोर लोक उतरत असताना गाडी सोडणारा मास्तर जगात नसतो. आणि तू म्हणतोस, ती शेवटची गाडी होती. तेव्हा हे कारण मला सांगू नकोस. रजा मिळाली नाही म्हण. तिकीट फार महाग होतं म्हण. एवढ्यात काही होणार नाही असं वाटलं म्हण. मी ऐकून घेईन. पण रेल्वेवर घालू नकोस.

इकडं ऊन फार आहे. तिकडं थंडी असेल तर जपून राहावं.

तात्या


फ्रान्स,
२८ एप्रिल २०२४

ती. सौ. मंजूताईस,
सा. न. वि. वि.

तात्यांचं पत्र आलं. मी खोटं बोलतो असं त्यांनी लिहिलंय, आणि दोन ओळी आधी बोगद्यातल्या विजेची चौकशीही केलीय. मला हसू आलं आणि मग पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. हे तुला फोनवर सांगणार होतो. पण आपल्या दोघांचं फोनवर काय होतं ते तू जाणतेस, तू रडतेस, मग मी, आणि भाऊजी मधेच फोन घेऊन सिल्लोडच्या मक्याचे भाव सांगतात. म्हणून लिहितो.

तात्यांना मी खोटं सांगितलं नाही. पण सगळं सांगितलं नाही हेही खरं.

मी पलीकडं उतरलो तेव्हा पुढची गाडी उभी होती, ताई. आमची गाडी उशिरा पोचली होती, पण पुढची अजून होती. डबे मला दिसत होते. फलाटावर उतरताच सगळे पळायला लागले. भुयारी वाटेनं खाली उतरायचं आणि पलीकडं वर चढायचं, एवढंच अंतर. मी चालत निघालो.

मला आपल्या मनमाडच्या पुलावरचा एक प्रसंग आठवतो. मेल उशिरा आली होती आणि मी आईचा हात सोडून लोकांबरोबर पळत सुटलो होतो. तात्या खालून वर आले, माझं मनगट धरलं आणि म्हणाले, पळायचं नाही, पळणारी माणसं पडतात, गाडी धरून ठेवलेली आहे. त्यानंतर आपल्या घरात गाडीसाठी कुणी कधी पळालं का? आई तर कशी चालायची, आठव. सगळा पूल धावतोय आणि ही पदर सावरत मधोमध चाललीय. हमाल म्हणायचे, मास्तरीणबाई अजून पुलावर आहेत, म्हणजे गाडीला वेळ आहे.

माझ्यापुढं एक म्हातारी होती. तिची बॅग जड, पायऱ्यांवर अडलेली. मी ती उचलली आणि तिच्या चालीनं चालत राहिलो. आईकडं निघालो होतो, जीव थाऱ्यावर नव्हता, तरीही पळावं असं मनातसुद्धा आलं नाही. ही माणसं उगीच का पळताहेत, असंच वाटत होतं. वर आलो तेव्हा गाडीचा शेवटचा डबा फलाट सोडत होता.

मग कळलं. आणणारी गाडी एका देशाची, नेणारी दुसऱ्याची. एकीला उशीर झाला हे दुसरीला सांगणारं कुणी नव्हतं. फलाटावर मास्तर नव्हता, नुसता वेळा दाखवणारा पडदा होता. रोज इथं काम करणाऱ्या मला हे ठाऊक असायला हवं होतं, पण मी डबे ओळखतो, प्रवाशांच्या गाडीनं मी फारसा जात नाही. आम्ही सगळे मोटारीनं जातो. मी पळालो असतो तर ती गाडी मला मिळाली असती, ताई. पळालेले सगळे चढले. मागं राहिलो ती म्हातारी आणि मी.

हे तात्यांना कसं सांगू? सांगितलं तर त्याचा अर्थ एकच निघतो, की तुमचं ऐकलं म्हणून आई भेटली नाही. त्यापेक्षा मी खोटारडा ठरलेला बरा. तू यातलं अक्षर त्यांच्यापाशी काढू नकोस, तुला आईची शपथ आहे.

शिवमचा निकाल कळव. मामानं पाठवलेले बूट त्याला होतात की नाही तेही. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
सुदर्शन


सिल्लोड,
२० मे २०२४

चि. सुदर्शनला,
ताईचे अनेक आशीर्वाद.

शिवम पास झाला. गणितात कसाबसा, म्हणजे मामावर गेला. बूट मोठे होतात, पुढच्या वर्षी घालील.

आता रागवायचं ते रागव. मी तात्यांना सांगितलं.

तू आईची शपथ घातलीस म्हणून मी काही दिवस तोंड मिटून होते. पण मागच्या रविवारी शहरात गेले, तर तात्या गयासचाचांपाशी तुझ्याबद्दल बोलत होते. पोरगं कामाचं निघालं, पण आईच्या वेळी कमी पडलं आणि वर खोटं बोललं, असं. गयासचाचा म्हणाले, तात्यासाहेब, दुनियाके हर टेशनपर तुम थोडेच बैठे हैं. त्यावर तात्या म्हणाले, दुसरं कुणीतरी बसलेलं असतंच. मला ते ऐकवेना. मेलेल्या आईची शपथ जिवंत भावापेक्षा मोठी नाही असं मी मनाशी ठरवलं आणि अख्ख्या गल्लीला जाईल अशा आवाजात सगळं सांगून टाकलं. पूल, मनगट, ती म्हातारी, सगळं. चाचा मधेच उठून गेले, म्हणाले नमाजची वेळ झाली. नव्हती झाली.

तात्यांनी विचारलं, त्या बाईची पण गाडी चुकली व्हय? मी व्हय म्हणाले. मग विचारलं, फलाटावर खरंच कुणी नव्हतं? मी नाय म्हणाले. तेवढंच. जेवायला वाढलं तर भूक नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी निघताना मी पाया पडले, तर डोक्यावर हात ठेवला आणि काढायचं विसरून गेले.

मी चुकले की बरोबर केलं ते मला कळत नाही. रात्रभर वाटत होतं, आधी आई गेली आणि आता हे ओझं मी त्या म्हाताऱ्या माणसावर टाकलं. पण त्यांनी तुला खोटा म्हणत जगायचं आणि तू ते ऐकत तिकडं एकटा राहायचं, हे मला सहन होत नाही रे. आपण तिघंच तर उरलो.

तू त्यांना आपण होऊन काही लिहू नकोस. त्यांना वेळ दे. पोटभर जेवत जा, आणि या ताईवर किती दिवस रागवायचं तेही ठरवून कळव.

तुझी,
मंजूताई


पदमपुरा, छत्रपती संभाजीनगर
१२ जून २०२४

चि. सुदर्शन यास,
अ. उ. आ.

मंजूनं मला सगळं सांगितलं. शपथ मोडली म्हणून तिला बोलू नकोस. तिच्या जागी मी असतो तर मीही मोडली असती.

हे पत्र लिहायला घेतलं आणि ठेवलं, असं बरेचदा झालं. तुला खोटा म्हणालो ते मागं घेतो. पण त्या दिवशी मी उठून बाहेर गेलो, तो तू खोटं बोलतोस असं वाटलं म्हणून नाही. ते खरं निघेल अशी मला धास्ती वाटली. धास्ती का वाटली ते लिहितो. हे मंजूलाही ठाऊक नाही.

आदल्या दिवसापासून तुझी आई दाराकडं बघत होती. कुणी आत आलं की विचारायची, आला का. मला ऐकू येत नव्हतं, पण ओठ दिसायचे. मी मान हलवून नाही म्हणायचो, आणि प्रत्येक वेळी तिचा चेहरा पडायचा. सकाळी मंजू चहा आणायला खाली गेली. तुझ्या आईनं पुन्हा विचारलं. या खेपेला मला नाही म्हणवेना.

मी तिला सांगितलं, सुदर्शन मनमाडला उतरलाय. पुलावरून येतोय. त्याच्यासाठी गाडी मी धरून ठेवलीय.

आता सगळीकडं एकाच मापाचे रूळ, मनमाडला उतरून गाडी बदलायची गरज कुणाला राहिलीय? पण तिला ते पटलं. चेहरा एकदम मोकळा झाला. मग तिचे ओठ हलले. मी वाकून बघितलं. ती म्हणत होती, त्याला पळू देऊ नका, पडेल. मी म्हणालो, नाही पळू देत. तिनं डोळे मिटले. मंजू चहा घेऊन वर आली तेव्हा ती गेलेली होती.

आणि त्याच दिवशी तू दारात येऊन मला म्हणालास, गाडी सुटली. गाडी धरून ठेवलीय, हा सगळ्या जन्मात मी तिला दिलेला शेवटचा शब्द होता, पोरा. तो खोटा पडल्याचं मला तुझ्या तोंडून ऐकवेना. म्हणून तुलाच खोटा ठरवलं. ते सोपं होतं.

तू पळायला हवं होतंस का, याचा मी पुष्कळ विचार केला. हवं होतंस. हे मी बाप म्हणून लिहितो. तुला पळू नकोस म्हणून शिकवलं तेही मीच, आणि त्या फलाटावर ते बरोबर होतं. दोन्ही गोष्टींचा मेळ मला अजून घालता येत नाही, तुलाही येणार नाही. आपण दोघांनी ते तसंच बाळगायचं.

रविवारी फोन कर. समोर धरलास तर ओठ बघीन.

मी तुला म्हणालो होतो, तिनं लई वाट बघितली. ते अर्धंच होतं. बघितली, पण वाट बघत गेली नाही. तू आलास असं समजून गेली.

तुझ्यावरचा लोभ मधल्या दिवसांत कमी झाला असा समज करून घेऊ नये.

तात्या